लेव्हल टूची पुस्तकं आणि अर्नॉल्ड लोबेल

परवा लायब्ररीत एका आईने मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, "अरे हे लेव्हल टूचं आहे, तू आता मोठा झालास ना" म्हणून, आणि माझ्या पोटात तुटलं. लेव्हल टू म्हणजे नुकतं स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलांसाठीची पायरी. पुस्तक होतं 'फ्रॉग अँड टोड टुगेदर'. तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

अर्नॉल्ड लोबेल हा अमेरिकन लेखक, चित्रंही स्वतःच काढायचा. जन्म १९३३ चा, स्केनेक्टडी नावाच्या गावात आजीआजोबांकडे वाढला. जवळपास शंभर पुस्तकं त्याने लिहिली किंवा त्यांची चित्रं काढली, 'फेबल्स'साठी १९८१ चं कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कारही मिळाला, पण माझ्यासाठी लोबेल म्हणजे फ्रॉग आणि टोड. टोड म्हणजे तो कोरड्यात राहणारा, खडबडीत अंगाचा बेडूक. १९७० ते १९७९ मध्ये चार पुस्तकं, प्रत्येकात पाच गोष्टी, बस्स.

शब्द अगदी सोपे, नुकतं वाचायला लागलेलं पोर एकटं वाचेल असे. पण त्यात काय काय आहे बघा ना! टोडला कधीच कुणाचं पत्र येत नाही म्हणून तो रोज टपालाच्या वेळेला उदास होऊन बसतो, मग फ्रॉग घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि ते पोचवायला देतो कुणाकडे, तर गोगलगायीकडे! शेवटी फ्रॉगला राहवत नाही, पत्रात काय लिहिलंय तेही तो सांगून टाकतो, आणि तरीही दोघं दारात बसून वाट बघतात, खूप आनंदात. पत्र चार दिवसांनी येतं. मैत्रीबद्दल मी मोठ्यांच्या जाड पुस्तकांत इतकं खरं क्वचितच वाचलंय.

आणि लोबेलच्याच 'आउल ॲट होम' मधलं ते घुबड! किटली मांडीवर घेऊन एकेक दुःखाची गोष्ट आठवतं, पाय मोडलेल्या खुर्च्या, शेगडीमागे पडून हरवलेले चमचे, आखूड झाल्यामुळे कुणी न वापरणाऱ्या पेन्सिली, आणि किटली आसवांनी भरली की त्याचा चहा करून पितं. थोडा खारट लागतो पण छान असतो म्हणे. मुलांना रडण्याबद्दल याहून प्रेमाने कुणी सांगितलंय का?

लोबेलने १९७४ मध्ये आपण गे आहोत हे घरच्यांना सांगितलं. त्याच्या मुलीला वाटतं, की फ्रॉग आणि टोड ही हे उघडपणे सांगण्याचीच सुरुवात होती. १९८७ मध्ये एड्सने गेला, जेमतेम ५४ वर्षांचा. हे कळल्यावर मी चारही पुस्तकं परत वाचली.

शेवटच्या पुस्तकातली शेवटची गोष्ट 'अलोन'. फ्रॉग चिठ्ठी ठेवून एकटाच बेटावर जाऊन बसतो. टोडला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, तो सँडविच आणि आइस्ड टी घेऊन कासवाच्या पाठीवरून निघतो आणि पाण्यात पडतो. तर फ्रॉग म्हणतो मी खूश होतो रे, सगळं किती छान आहे, तू माझा मित्र आहेस, याचा जरा विचार करत बसायचं होतं. मग दोघं ओली सँडविचं खातात, चहाशिवाय, एकटे, शेजारी शेजारी.