ओव्हरीच्या गाठीबद्दलचा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की ओव्हरीत गाठ निघाली तर एमआरआय करत बसू नका, सोनोग्राफीत दिसतं तेच त्यात दिसतं, वर रेडिएशन बसतं, रक्ततपासणीत सीए-१२५ वाढलंय म्हणजे कॅन्सरच, सरळ ओव्हरी काढून मोकळ्या व्हा. माझ्या धाकट्या बहिणीने हे वाचून दोन रात्री रडून काढल्या, म्हणून लिहितेय.

रेडिएशनचं आधी सांगते. एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतं, त्यात एक्स-रे नसतोच, तो सीटी स्कॅनला असतो.

सीए-१२५ तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड, पोटाचा टीबी, गरोदरपण, अगदी पाळी चालू असली तरी वाढतं. आणि सुरवातीच्या कॅन्सरमध्ये कधीकधी नॉर्मल पण येतं.

आता "तेच दिसतं" वाला मुद्दा. सोनोग्राफीच पहिली करायची हे बरोबर, बहुतेक गाठी तिथेच ओळखू येतात, साध्या पाण्याच्या गाठीला एमआरआय लागत पण नाही. पण बहिणीच्या रिपोर्टवर नुसतं 'कॉम्प्लेक्स सिस्ट' लिहिलेलं, म्हणजे साध्या पाण्याची नसलेली गाठ, त्यातून काय समजायचं? एमआरआयमध्ये टी-१, टी-२ असे वेगवेगळ्या प्रकारचे फोटो काढतात, त्यातल्या टी-१ फोटोत तिची गाठ पांढरी दिसली. चरबीची डर्मॉइड पण पांढरीच दिसते आणि जुन्या रक्ताची चॉकलेट सिस्ट पण, म्हणून मग चरबीचा सिग्नल दाबून परत फोटो काढतात, डर्मॉइड असली तर ती काळी पडते. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले, हिची दोन्हीकडे पांढरी, आणि टी-२ मध्ये काळपट. म्हणजे चॉकलेट सिस्ट. फायब्रोमाचं (ओव्हरीतली तंतूंची घट्ट गाठ) पण तसंच, सोनोग्राफीत घट्ट दिसून घाबरवतो, पण टी-२ आणि डिफ्युजन (पाण्याची हालचाल दाखवणारा फोटो) दोन्हीत काळा दिसला की बहुतेक वेळा साधाच असतो.

२०२० मध्ये, सोनोग्राफीत नीट न कळलेल्या गाठींवर युरोपातला मोठा अभ्यास आला, १,३४० बायकांचा. एमआरआयवरून गाठीला १ ते ५ स्कोअर देतात, त्यात स्कोअर २ ला कॅन्सरची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी निघाली आणि ५ ला ९० टक्क्यांच्या आसपास.

आणि "काढून मोकळ्या व्हा" हे सव्वीस वर्षांच्या पोरीला कसं सांगवतं? गाठ साधी आहे हे आधी कळलं तर नुसती गाठ काढून ओव्हरी वाचवता येते, कित्येकदा फक्त लक्ष ठेवलं तरी चालतं.

फक्त एकदम असह्य पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा एमआरआयच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.