घोडाच तसा आहे, त्याला कोण काय करणार?

नमस्कार. त्या मंगोलियन चित्रकाराच्या घोड्याच्या तैलचित्राबद्दल तुम्ही लिहिलंत: पाय आखूड, डोकं मोठं, आयाळ म्हणजे झुडूप, रंग थापीने लिंपलेला, चित्रकार जे.जे. कला महाविद्यालयात पहिल्याच वर्षी नापास झाला असता, आणि वर एम. एफ. हुसेनची नक्कल. तुमची नजर पक्की आहे, म्हणूनच सविस्तर लिहितोय. दिसलं ते सगळं बरोबर टिपलंत, फक्त मोजपट्टी महालक्ष्मी रेसकोर्सवरची लावलीत.

मंगोल घोडा खांद्यापाशी जेमतेम १२५ ते १४० सेंटीमीटर भरतो. पाय आखूड, मान जाड, डोकं अंगाच्या मानाने मोठं. त्याला तबेला नसतो. उणे ४० अंशांत तो उघड्यावर राहतो आणि खुरांनी बर्फ उकरून गवत खातो. हिवाळ्यात अंगावर इतके दाट केस येतात की खालचे स्नायू दिसतच नाहीत. चित्रकाराने ते रेखले असते तर ती खरी चूक ठरली असती.

आयाळीचं झुडूप तर मुद्दामच आहे. तिकडचे पशुपालक खच्ची केलेल्या घोड्याची आयाळ कापतात, वळू घोड्याची, म्हणजे खच्ची न केलेल्या नराची, वाढू देतात. म्हणजे हा कळपाचा धनी आहे, घोड्या-शिंगरं सांभाळणारा. एवढी माहिती देणाऱ्या भागाला तुम्ही झुडूप म्हणून निकालात काढलंत!

आता रंगाविषयी. चित्र मोठं करून पाहा. पोटाखाली आणि गळ्याशी नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पात्याने, जाड थर दिलेत, पण पायांवर रंग इतका पातळ आहे की कॅनव्हासची वीण दिसते. हात सुटलेला माणूस सगळीकडे सारखंच लिंपतो. मागचं निळं आकाश मात्र मलाही खटकलं. पर्यटकांना विकायच्या चित्रांत असतं तसलं गुळगुळीत.

शिवाय या मंगोलियन चित्रकारांना 'शिक्षण नाही' म्हणणं अवघड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्दूगीन शारवच्या 'मंगोलियातला एक दिवस'मध्ये माणसं, घोडे, तंबू सगळं सपाट, बारीक आणि खच्चून भरलेलं होतं. ते चित्र आज उलानबातरच्या झानाबाझार संग्रहालयात आहे. तैलरंग पसरले ते सोव्हिएत काळात. न्यामओसोरीन त्सुल्तेमसारखे चित्रकार मॉस्कोच्या सुरिकोव्ह संस्थेत शिकून आले, आणि तिथे ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, घोटून घेत.

राहिले हुसेन. पंढरपूरचा जन्म, त्यामुळे दिसेल तो घोडा त्यांच्या दावणीला बांधायची आपल्याला सवयच आहे. पण खुद्द हुसेन १९५२ साली चीनमध्ये तांग काळातले मातीचे घोडे पाहून आले होते, तेव्हा उसनवारीचा हिशेब करायचा तर तो पूर्वेकडेही जातो. आणि हुसेन रेषेत विचार करतात. त्यांचा घोडा रेषेनेच उसळतो. इथे रेषा शोधून सापडणार नाही, सगळा आकार रंगाच्या वजनाने उभा आहे. नक्कल म्हणायचीच तर रशियन मास्तरांची म्हणा. तो आरोप खोडताना मला घाम फुटला असता.