तोच गेम पुन्हा विकत कसा घ्यावा

नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, घेतलात? अभिनंदन! आता घरात असलेलाच गेम पुन्हा विकत घ्या. परवाच एका कंपनीच्या दुकानात माझा पैसे मोजून घेतलेला गेम नव्या मशीनसाठी 'उपलब्ध नाही' असं दिसलं आणि शेजारीच त्याची 'रीमास्टर', म्हणजे झळाळून काढलेली नवी आवृत्ती, पूर्ण किमतीत मांडलेली. या औदार्याने भारावून जाऊन हे थोडं मार्गदर्शन.

जुन्या डिस्क रद्दीत घाला. सोनीच्या प्लेस्टेशनचं तिसरं मशीन, पीएस थ्री, त्याची डिस्क पीएस फाइव्हमध्ये चालत नाही. ते गेम स्ट्रीमिंगने (इंटरनेटवरून) खेळता येतात, पण त्यासाठी पीएस प्लस या वर्गणीचा प्रीमियम प्लॅन लागतो आणि भारतात मिळतो डिलक्स, ज्यात स्ट्रीमिंग नाही. मिटला प्रश्न.

'द लास्ट ऑफ अस' २०१३ मध्ये पीएस थ्रीवर आला, २०१४ मध्ये पीएस फोरवर, २०२२ मध्ये पीएस फाइव्हवर ७० डॉलरला. तिसऱ्या वेळी ग्राफिक्स नवे, मल्टिप्लेअर (इतरांसोबत खेळायची सोय) गायब. विम्याच्या हप्त्यासारखे भरत राहा, फक्त शेवटी काही मिळेल अशी आशा धरू नका.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं (फ्रेम) येतात, ते विचारू नका, वाईट दिसतं.

गेम संथ वाटला तर वयाला दोष द्या. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या जुने गेम भरलेल्या छोट्या मशीनमध्ये 'टेकन ३' या मारामारीच्या गेमसकट कित्येक गेम युरोपातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रांच्या) आवृत्तीचे होते. ६० च्या जागी ५० फ्रेम म्हणजे मारामारी सतरा टक्के सावकाश. तेवढाच व्यायाम कमी.

आणि जुनी आवृत्ती दुकानातून उचलली तर टाळ्या वाजवा. २०२१ मध्ये रॉकस्टार कंपनीच्या जीटीए ('ग्रँड थेफ्ट ऑटो') मालिकेतल्या तीन जुन्या गेमचं हेच झालं. आधी मूळ गेम डिजिटल दुकानांतून काढले, मग ११ नोव्हेंबरला मोबाइल आवृत्तीवर बेतलेली 'डेफिनिटिव्ह एडिशन', म्हणजे म्हणे 'अंतिम, परिपूर्ण आवृत्ती', आणली. पाऊस असा पांढरा की रस्ता दिसेना. पाट्यांवरची अक्षरं यंत्राकडून मोठी करून घेतली, ती चुकीची उमटली. 'टफ नट' नावाच्या डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट (बोल्टचा) गुळगुळीत गोल झाला. पाटी दुकानाच्या नावावरचा विनोद होती, हे बघायला माणूसच नव्हता! तिघांपैकी 'सॅन अँड्रियास'मधलं धुकं काढून टाकलं. अहो, मूळ गेम ज्यावर आला त्या पीएस टूला ३२ एमबी मेमरी. ते धुकं दूरचं न काढलेलं जग झाकायचं आणि त्यामुळेच नकाशा अवाढव्य वाटायचा. धुकं गेलं आणि डोंगरावर उभं राहिलं की अख्खं राज्य अंगणाएवढं दिसायला लागलं. आठ दिवसांत कंपनीने माफी मागितली, पीसीवर जुने गेम परत द्यायचं कबूल केलं. बरी प्रकाशयोजना यायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. तीन वर्षं! पूर्ण पैसे आधीच घेऊन!

जुने गेम पुन्हा यायलाच हवेत. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत, असं २०२३ चा अभ्यास सांगतो. आणि हे नीट करता येतं. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनमध्ये त्याच्या आधीच्या एक्सबॉक्स ३६० च्या शेकडो गेमची जुनी डिस्क घातली की गेम डाउनलोड होऊन चालतो, दुसऱ्यांदा पैसे न देता. तेव्हा 'तांत्रिक अडचण' हे कारण दरवेळी पुढे करू नका. मूळ गेम विक्रीत ठेवा, जुने सेव्ह (खेळ जिथे थांबवला तिथली नोंद) चालू द्या, ज्याने एकदा पैसे दिले त्याला सवलत द्या. एवढंही जमत नसेल तर निदान 'डेफिनिटिव्ह' म्हणायची लाज बाळगा.

आणि प्री-ऑर्डर करणाऱ्यांनो, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणाऱ्यांनो, हे सगळं तुमच्या जिवावर चाललंय. डिजिटल गेमचा साठा संपत नसतो. आठवडाभर थांबा, फ्रेमरेटच्या चाचण्या बघा, मूळ गेममधली कोणती गाणी कापली ते तपासा, मग पाकीट काढा.