पहिली बोट जुनीच घ्या, आणि काही विचारू नका

नागपूरच्या माणसाने बोट घ्यावी की नाही, हा वाद २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच मिटला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी थेट लोकांच्या हॉलमध्ये शिरली, आणि आदल्या रात्री जिथे ॲक्टिव्हा लावल्या होत्या त्या गल्लीतून बचाव पथकाच्या बोटी फिरल्या. त्यामुळे "आपल्याकडे समुद्र कुठाय?" असं विचारणाऱ्या मेव्हण्याकडे लक्ष देऊ नका. बोट घ्याच. फक्त नवी घेऊ नका. नव्या बोटीसोबत वॉरंटी येते, पुस्तिका येते, पक्कं बिल येतं आणि सगळी मजाच जाते. वीस-पंचवीस वर्षं जुनी, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली बोट शोधा. तिचा मालक तुम्हाला आधीच शोधत असतो.

ती चालवायची कुठे, याचा विचार आधी करायचा नाही. गोरेवाड्याचं पाणी शहर पितं. तोतलाडोह वाघांच्या जंगलात आहे. फुटाळ्यात कारंजं उभं राहिलं आणि त्यावरून वादही उभा राहिला. रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग चालतं, पण तिथे तुम्ही तिकीट काढून बसायचं असतं, स्वतःची बोट घेऊन जायचं नसतं. बाकी कुठल्याही धरणावर गेलात तरी परवानगीसाठी सरकारी टेबलापुढे उभं राहावं लागणार. एवढं सगळं आधीच डोक्यात घेतलं तर माणूस बोट घेईल का?

जाहिरातीतला फोटो ओल्या बोटीचा असेल तर लगेच फोन करा. ओलं फायबर नवंच दिसतं.

बघायला मे महिन्यात जावं, भर दुपारी. बोट कामठी रोडला पत्र्याच्या शेडमागे ट्रॉलीवर उभी असते. ४५ अंशांत तुम्ही तिच्या पोटाखाली वाकणार नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. पोचल्या पोचल्या तो थंडगार ऊसाचा रस मागवतो. तो प्यावा. इंजिनाच्या झाकणाला मात्र हात लावू नये. चुकून लावलात आणि सावलीत उभं असूनही ते चटका देत असेल, तर उत्तर तयार असतं, "नागपूरचं ऊन आहे काकाजी, इथं माणूस तापून राहिला तर इंजिनाचं काय घेऊन बसले?" हे पटवून घ्यावं. थंड इंजिन पहिल्या दोरीला सुरू होतं का, हेच तर बघायचं असतं, म्हणूनच ते तुम्ही यायच्या आधी थोडा वेळ चालवून ठेवलेलं असतं, असले कुजके विचार मनात आणू नयेत.

मग तो म्हणतो, "आवाज ऐका." आणि तिथेच, ट्रॉलीवर, कोरड्या ठणठणीत अवस्थेत इंजिन चालू करतो.

गेल्या रविवारी माझ्यासमोर हेच झालं. तुम्हीही माना डोलवा, "वा, काय आवाज आहे" म्हणा. कारण आउटबोर्ड इंजिनाला रेडिएटर नसतो, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. त्याचा खालचा पाय तलावाचं पाणी ओढतो, त्याच पाण्याने इंजिन थंड राहतं. पाणी ओढायला आत रबराचं छोटं चक्र असतं, इम्पेलर. त्या रबराला घसरायलासुद्धा पाणीच लागतं. पाण्याशिवाय फिरवलं की काही सेकंदांत ते घासून तापायला लागतं, पाती वितळतात, तुटतात, आणि तुटलेले तुकडे वरच्या पाण्याच्या वाटांमध्ये जाऊन अडकतात. पुढे तुम्ही भर तलावात असताना इंजिन गरम होऊन बसतं आणि तुम्ही वल्हं शोधता, जे मालकाने दिलेलंच नसतं. मी म्हटलं, भाऊ, बंद करा, पाणी नाही. तो म्हणतो, "दोन मिनिटानं काय होते?" दोन मिनिटानं काय होते! दोन मिनिटांतच होतं! आणि ही काही रॉकेटची विद्या नाही. पाय बुडेल एवढं पाण्याने भरलेलं पिंप लागतं. निळं पिंप. नागपुरात दर गच्चीवर आहे, कूलरला पाणी भरायला मे महिन्यात अख्खं शहर तेच उचलतं. या माणसाच्या शेडमध्येच तसली तीन पिंपं होती, एकात गोट्या खेळणाऱ्या पोरांच्या चपला होत्या. पाइप लावून पाणी द्यायच्या रबरी वाट्या मिळतात, त्याही नाहीत. माझा भाचा बिचारा विचारतो, "चालू असताना मागून पाण्याची बारीक धार यायला पाहिजे ना?" तर उत्तर काय, "ते भोक बुजवलं आहे, फालतूचे कपडे ओले होते." अरे, ती धार म्हणजे पंप काम करतो आहे याची एकमेव खूण! ती बुजवून ठेवायची आणि वरून पोराला सांगायचं, "तू लहान आहे, तुले नाही समजत." त्याला समजतं. तुलाच समजून घ्यायचं नाही.

असो. पुढचा सल्ला.

"गोड्या पाण्यातच चालली आहे, समुद्र पाहिलाच नाही" असं मालक म्हणाला की प्रश्न संपला. खाली वाकून बघू नये. आम्ही वाकलो. जिथे इंजिनाचा कंस बोटीला बोल्टांनी धरलेला असतो, त्या सापटीत चुन्याचे कडक पांढरे उंचवटे चिकटले होते, नखाने निघेनात. ते बार्नॅकल, बोटींच्या पोटाला चिकटणारे कवचवाले समुद्री जीव. गोड्या पाण्यात ते जगत नाहीत. म्हणजे कामठी रोडवरची ही बोट समुद्रात भिजून आली होती, आणि मालकाला समुद्र माहीत नव्हता. धातू गंजू नये म्हणून इंजिनाखाली लावलेला जस्ताचा गोळा खाऊन खाऊन अर्धा उरला होता. तो खाऱ्या पाण्यासाठी असतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लावतात. त्यावर उत्तर आलं, "कंपनीनंच लावून दिला असंल." हे उत्तर सगळ्याला चालतं, लिहून ठेवा.

मागची फळी, जिला इंजिन टांगलेलं असतं, तिला ट्रान्सम म्हणतात. तिच्याबद्दल जितकं कमी माहीत तितकं बरं. जुन्या बोटींमध्ये तिच्या पोटात प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबर. स्क्रूच्या एखाद्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरतं, आतलं लाकूड सडून भुसा होतं, आणि बाहेरून नवा रंग मारला की काहीच दिसत नाही. टरबूज घेताना ठोकून आवाज ऐकतो, तशी ही फळी प्लास्टिकच्या हातोडीने ठोकावी. टणक आवाज आला तर ठीक, मधेच बोदा आला तर आत सड आहे. इंजिन अर्धं वर उचलून त्याचा पाय वरखाली दाबावा, फळी हलताना दिसली तर तसंच गाडीत बसून घरी यावं. पण हे सगळं तुम्ही करायचं नाही. पोरीच्या लग्नात शेजाऱ्याने फर्निचर ठोकून बघितलं तर कसं वाटेल, तसं मालकाला वाटतं. आमच्या ठोकण्यावर तो दुखावला. "विश्वास नाही काय?" म्हणाला. मी फळीवरचा ताजा पांढरा रंग बोटाला लागलेला दाखवला. रविवारी सकाळी मारलेला रंग मेमध्येसुद्धा दुपारपर्यंत पुरता वाळत नाही, भाऊ.

डेकवर चालताना पाय खाली दबला तर घाबरू नये. "गुडघ्याला बरं पडते काकाजी."

गिअर ऑइल दुधाळ निघालं तर समजावं की आत पाणी गेलं आहे. मग लगेच विसरावं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं मीटर घेऊन जाऊ नये. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत, असला अट्टाहास कशाला? दोन सिलिंडर चालले तरी बोट चालते, मालकाने सांगितलं आहे.

पेट्रोल किती दिवसांचं, हेही विचारू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल शोषतं, आणि वर्षभर टाकीत पडलं तर पाणी खाली आणि वास वर. जुन्या पाइपांचं रबर त्यात फुगतं. पण टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचं सुचलंच, तर तुम्ही फारच संशयी आहात.

आता कागद. कागद हा बोटीचा सगळ्यात हलका भाग, म्हणून तो मालकाकडे सहसा उडून गेलेला असतो. अमेरिकन बनावटीच्या बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात, बारा अक्षरी नंबर कोरलेला असतो. शेवटचे दोन अंक म्हणजे मॉडेलचं वर्ष. आमच्या बोटीवर त्या जागी छान पुट्टी होती. "बाराचं मॉडेल आहे" हे तोंडी. १९१७ चा जुना कायदा गेला, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात यांत्रिक जलयानाची नोंदणी आहे, तपासणी आहे, विमा आहे. पण आमच्यापुढे काय ठेवलं? ट्रॉलीचं आरसी बुक. ट्रॉलीचं! बोटीसाठी पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी, त्यात "सदर बोट मी माझ्या मर्जीने दिली" इतकंच. कुणी कुणाला दिली, कुठून आणली, काही नाही. विचारलं तर म्हणे, "बाकीचं तुमचं तुम्ही करून घ्या, आजकाल सारं ऑनलाइन आहे."

पाण्यात टाकून बघू का, असं विचारलं की व्यवहाराला खरा रंग चढतो. "पहिले टोकन द्या." टोकन कशाचं? "बोट पाण्यात नेली अन् तुम्ही घेतली नाही तर?" म्हणजे बोट पाण्यात न्यायचा खर्च आपला, जोखीम आपली, टोकन परत मिळेल का तर "पाहू". हा सल्ला प्रत्येक नागपूरकराने मनावर कोरून घ्यावा, कारण सेकंडहँड कार, प्लॉट, भाड्याचं दुकान, सगळीकडे तोच चालतो: बघायच्या आधी पैसे, बघितल्यावर "पाहू".

आणि शेवटी लाइफ जॅकेट. मी विचारलं, बोटीसोबत जॅकेटं आहेत का? मालक हसला. खरंच हसला. "ते फेकले. जागा खाते. तसंही तलावात कोण बुडते काकाजी?"

कोण बुडतं? २०१७ च्या जुलैत वेणा जलाशयावर होडी उलटली आणि इथलीच तरुण पोरं बुडाली.  तलाव लहान असला तरी माणूस बुडायला डोक्याच्या वर पाणी पुरतं. तुझ्या बोटीत सहा जण बसणार, त्यात एखादी बाई तिचं लेकरू मांडीवर घेऊन बसणार, इंजिनाचा पंप तू कोरडा फिरवून जाळलेला, मागची फळी सडलेली, वल्हं नाही, जॅकेट नाही, आणि तू हसतोस?

माझं डोकं भाव जास्त सांगितला म्हणून फिरलेलं नाही. जुनी बोट विकणं गुन्हा नाही. जुन्यात कुणाला चांगली मिळते, कुणाला दुरुस्त करून घ्यायची हौस असते. पण काय खराब आहे ते सांगून विक. लपवायला पुट्टी मारू नकोस. धार बुजवू नकोस. समुद्रातली बोट गोड्या पाण्याची म्हणून खपवू नकोस. आणि तुम्ही, जे त्याच्यासोबत खुर्ची टाकून बसले होते, रस पीत, "मस्त बोट आहे, घेऊन टाका" म्हणत होते, तुमच्यापैकी एकाने तरी बोट पाण्यात पाहिली होती का? नाही ना? मग काहून मधे बोलता? कुणाच्या पैशावर, कुणाच्या पोराच्या जिवावर?

ज्याला ती बोट विकायची आहे त्याने आधी पिंपात पाणी भरावं, इंजिन रात्रभर थंड ठेवावं, पुट्टी खरवडून नंबर मोकळा करावा आणि सहा जॅकेटं आणावीत. तोपर्यंत "काकाजी, फायनल किती देता" असे मेसेज पाठवायची गरज नाही. काहीही देत नाही.