तपासणी बंद करून कार्ड द्या म्हणता, त्यावर

विट्याहून 'एक पालक' या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचली. शाळेतल्या आरोग्य तपासणीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की पथक येतं, दोन तासांत सगळी शाळा उरकतं, फोटो काढतं आणि जातं. तुमचं म्हणणं, हा खेळ बंद करा, पैसा विम्यात घाला, कार्ड असलं की आईबाप पोराला हवं तिथं नेतील.

उरकण्याबद्दल माझं भांडण नाही. माण तालुक्यात शिकवत होतो तेव्हा एकदा ऐन तपासणीत वजनकाटा बंद पडला. मागच्या वर्षीच्या वजनात दोन-दोन किलो मिळवून रकाने भरले. भरणारे आम्ही शिक्षकच होतो, म्हणून सांगतोय.

आता कार्डाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने त्यात पांढरं रेशनकार्डवालेही आले. चांगलंच झालं. पण हे कार्ड कामाला येतं ते दवाखान्यात दाखल झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारांना. चष्मा, किडलेली दाढ, ओपीडीतली साधी तपासणी त्यात बसत नाही, आणि शाळकरी पोरांची बरीचशी दुखणी याच जातीची.

चौथीत एक मुलगी होती. फळ्यावरचं 'घर' वहीत 'धर' व्हायचं, 'भात'चा 'मात' व्हायचा. लक्ष नाही म्हणून मी दोनदा ओरडलोही. घरी आई खूश, पोरगी पुस्तकाला नाक लावून बसते म्हणजे अभ्यासू. पथकातल्या डॉक्टरबाईंनी डावा डोळा झाकायला लावला, तर तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं वाचता आलं. बाकीच्यांना याहून जास्त दिसतं हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. दुखत काहीच नव्हतं. कार्ड घेऊन कोण कुठे जाणार होतं?

हे शोधण्यासाठीच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेला. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. माझा राग आहे तो या 'एकदा'वर. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला कऱ्हाड-वाळव्याकडे उतरतात. पथक जानेवारीत आलं तर पोरगं हजेरीपटावर आणि प्रत्यक्षात फडात. असाच एक मुलगा एका वर्षी हुकला. पुढच्या जुलैत छातीला नळी लावल्यावर डॉक्टर थांबले, पुन्हा ऐकलं आणि चिठ्ठी दिली. हृदयाला भोक होतं.

चिठ्ठी बापाच्या शर्टाबरोबर धुतली गेली. दुसरी आणली. मग कळलं की रेशनकार्डात पोराचं नावच नाही. ते चढवायला तीन हेलपाटे झाले, त्यातला एक साहेब मीटिंगला गेले म्हणून फुकट. एवढं झाल्यावर दवाखान्यात या योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाने, आरोग्यमित्राने, अर्ध्या तासात कागद लावले आणि पुण्याला ऑपरेशन फुकटात झालं. मधे पाच महिने गेले. त्यातला एकही दिवस पैशापायी गेला नाही, साहेब. चिठ्ठी हातात पडल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत चालणारं कुणी नव्हतं, म्हणून गेले. विम्याची रक्कम 10 लाख केली असती तरी ते पाच महिने तसेच गेले असते.

त्यामुळे तपासणी बंद करा हे मला पटत नाही. माझं मागणं उलटं आहे. पथक शाळेतही दोनदा यावं, एकदा नक्की दिवाळीआधी, आणि चिठ्ठी दिलेल्या प्रत्येक पोराचं पुढे काय झालं हे पुढच्या फेरीत त्याच वहीत लिहावं.

तपासणीचा दिवस पालकांना कळवत नाहीत, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. पथकाचा दौरा आधी ठरलेला असतो. मुख्याध्यापकांकडून तारीख घ्या आणि त्या दिवशी शाळेत जाऊन बसा. जाताना रेशनकार्डावर पोराचं नाव आहे का तेवढं बघून जा.