दूध साकळलं की हळद पुरे?

"छातीत दूध साकळलं तर अँटिबायोटिक नको, हळदीतलं कर्क्युमिन पुरेसं आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज सध्या जोरात आहे. एरवी मी तो डिलीट करून मोकळी झाले असते. पण धायरीच्या माझ्या भाचीनं तो वाचून डॉक्टरांनी दिलेला कोर्स मधेच सोडला. अंगात ताप, थंडी वाजतेय आणि छातीवर लेप!

आता ते 'सिद्ध' काय आहे ते बघू. कर्क्युमिन, बैकालिन, थायमॉल अशा वनस्पतिजन्य द्रव्यांवर प्रयोग झालेत, पण बहुतेक उंदरांवर आणि गाईच्या कासेतल्या पेशींवर. गुरांच्या कासदाहात अँटिबायोटिक दिलं की काही दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, म्हणून हा शोध. त्यातही पुष्कळदा उंदरिणीला जिवंत जंतू देतच नाहीत, ई. कोलाय या जंतूच्या आवरणातला एक घटक टोचतात. सूज उतरली एवढंच त्यातून कळतं. जंतूंचं काय? बायकांमध्ये संसर्ग असतो तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा. अंगावर काढला तर गळू होतं, सुईनं पू काढायची वेळ येते.

बरं, इराणमध्ये ६३ बायकांवर कर्क्युमिनच्या क्रीमची चाचणी झाली, २०१४ साली प्रसिद्ध झाली, आणि तीन दिवसांत त्रास कमी झालेला दिसला. मान्य. पण मंडईतली सुटी हळद कालवून थापणं म्हणजे ते क्रीम नाही.

मेसेज पुढे म्हणतो, "गाठ रगडून फोडा, पाजणं थांबवा." हे कुणी लिहिलं असेल त्याला बाळंतिणीसमोर उभं करायला हवं. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शिकेत नेमकं उलट आहे: जोरात चोळू नका, बर्फानं शेका, आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्या, बाळाला नेहमीसारखं पाजत राहा. प्रत्येक सुजेला अँटिबायोटिक लागत नाही, हेही तीच सांगते. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं लेसिथिन, म्हणजे त्यातला एक स्निग्ध घटक, तोही तिथं सुचवलाय. घ्या, वनस्पतीच आहे! पण संसर्ग आहे की नाही हे तपासून ठरतं, ग्रुपवर नाही.

कोबीची पानं? गार वाटतं, ठेवा हवी तर. कोरफड लावलीत तर तिचा पिवळा चीक मात्र रेचक असतो, तो बाळाच्या तोंडात जाता कामा नये.

शेवटची ओळ म्हणते, "ही सूज कधीच कॅन्सर नसते." बहुतेकदा नसते. पण स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार असाच लाल, सुजलेला दिसतो. कोर्स पूर्ण करूनही लाली हटली नाही तर लेप बदलत बसू नका, सोनोग्राफी करून घ्या, आणि डॉक्टर म्हणाले तर बायॉप्सीही.