"ठेकेदार ओळखीचा असला की वेगळा इंजिनिअर कशाला?" या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, भावकीच्या ग्रुपवर तर दोनदा. वर ठळक अक्षरात "घर बांधताय? तपासणीला वेगळा इंजिनिअर नेमून पैसे घालवू नका" आणि खाली सहा मुद्दे. ठेकेदार ओळखीचा असला की झालं, उलट वर माणूस बसवला तर त्याचा अपमान होतो. ड्रॉइंग आहे ना, त्याप्रमाणे काम होतंच. नगरपालिकेचा आणि बँकेचा माणूस फुकटात बघून जातो. मालकाने स्वतः रोज साइटवर उभं राहावं, त्याच्यासारखा इंजिनिअर नाही. तपासणीच्या पैशात किचनच्या ट्रॉल्या होतात. आणि शेवटचं म्हणजे काही निघालंच तर ठेकेदार दुरुस्त करून देतो, ताब्यात घेताना एकदा नीट बघून घ्या.

लोक खाली "अगदी बरोबर" लिहितायत, आणि माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात पाया खोदणार आहे, त्यानेही अंगठा दाखवलाय, म्हणून मी हे बसून सविस्तर लिहितोय. मी इंजिनिअर नाही. कराडजवळ आमची दोन घरं झाली, एक 2011 ला वडिलांनी बांधलं तेव्हा तपासणीला असा वेगळा इंजिनिअर नेमला नव्हता, दुसरं 2022 ला धाकट्या भावाने काढलं तेव्हा नेमला. दोन्ही वेळेला मी साइटवर होतो.

पहिला मुद्दा, ओळखीचा ठेकेदार. 2011 चा ठेकेदार वडिलांचा शाळेतला मित्र. माणूस सरळ, आमचा एक रुपया खाल्ला नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण त्याच्या एका वेळी चार साइट चालू, सळई बांधणारी टोळी वेगळी, स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणारा सेंट्रिंगवाला वेगळा, स्लॅब ओतायला येणारी गँग आपला मिक्सर घेऊन येते ती आणखी वेगळी, आणि त्यांना काम उरकून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचं असतं. तुम्ही विश्वास ठेवता ठेकेदारावर, पण घर प्रत्यक्ष बांधतात ती ही माणसं, आणि त्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं नसतं. सहा-सात वर्षांनी आमच्या वरच्या बाथरूमखालच्या छताचा पोपडा सुटला. गवंड्याने हातोडी मारून सैल भाग काढला तर सळई अगदी तळाशी, गंजून पापुद्रे सुटलेली, कारण स्लॅब ओतताना तिच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळेच ठेवले नव्हते, कुठे खडीचे तुकडे सरकवलेले तर कुठे तेही नाहीत. स्लॅबच्या सळईला खालून 20 मिलिमीटर, कॉलमला 40 आणि फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या पायाला, 50 मिलिमीटर काँक्रीटचं पांघरूण लागतं, आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात हे आकडे दिलेत, आणि कव्हर ब्लॉक ही काही महागाची वस्तू नाही. यात कुणी फसवलं नव्हतं. त्या दिवशी खाली वाकून बघणारं कुणी नव्हतं एवढंच.

अपमानाचं म्हणाल तर भावाच्या वेळी आम्ही ठेकेदाराला रेट ठरवायच्या आधीच सांगितलं की प्रत्येक टप्प्याला आमचा इंजिनिअर बघून हो म्हणेल मग हप्ता, आणि करारात तसं लिहिलं. तो एका शब्दाने चिडला नाही. अर्धं काम झाल्यावर अचानक कुणाला तरी आणून उभं केलं तर मात्र कुणीही चिडेल.

दुसरा, ड्रॉइंग. ड्रॉइंगवर माझा पूर्ण विश्वास आहे, ते साइटवर वाचलं जातं यावर नाही. आमच्या साइटवर ते ऊन-पाण्याने पिवळं पडून सिमेंटच्या पोत्याखाली दाबलेलं असायचं. भावाच्या घराच्या कॉलमच्या रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या कड्यांची, टोकं ड्रॉइंगमध्ये 135 अंशात आत वळवलेली होती, बांधणाऱ्यांनी सवयीने सगळी 90 अंशात वळवली, बघायला दोन्ही सारखीच दिसतात, मला तर फरक कळलाच नाही. इंजिनिअर आला, दोन मिनिटं बघितलं आणि रिंगा परत वळवा म्हणाला. हादरा बसला आणि वरचं काँक्रीट उडालं की 90 अंशाची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात, हे त्याने मजुरांना तिथेच बाइंडिंग वायर वाकवून दाखवलं. अर्धा दिवस गेला. आमच्याकडे डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आजीने अंगावर काढलेला, त्या रात्रीच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो, तेव्हा हा अर्धा दिवस मला जड वाटला नाही.

आर्किटेक्ट बघतोच की, असंही लोक म्हणतात. प्लॅनच्या फीमध्ये साइट व्हिजिट किती आहेत ते आधी विचारा, बऱ्याचदा नसतातच. ज्याने स्ट्रक्चरल डिझाइन केलंय तोच इंजिनिअर व्हिजिटचे पैसे घेऊन प्रत्येक टप्प्याला येणार असेल आणि त्याला तुम्ही नेमलेलं असेल तर तिसरा माणूस नको, एवढं मी मान्य करतो. पण तो ठेकेदारानेच आणलेला असेल तर तो तिऱ्हाईत राहिला कुठे?

तिसऱ्या मुद्द्यावर फार बोलण्यासारखं नाही. नगरपालिका बघते ती मंजूर नकाशा, हद्दीपासून सोडायची अंतरं, उंची, वापर. तुमच्या बीममध्ये 16 मिलिमीटरची सळई पडली की 12 ची हे बघायला तिकडून कोणी येत नाही. बँकेचा माणूस प्लिंथ, म्हणजे जोतं, झाली का, स्लॅब झाला का, म्हणजे पुढचा हप्ता सोडावा का एवढं बघतो, फोटो काढतो, दहा मिनिटांत जातो. ते त्यांचं काम करतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण ते काम तुमच्यासाठी नसतं.

चौथा मुद्दा मात्र मला खरंच लागला, कारण 2011 ला वडील रोज साइटवर होते. रिटायर झालेले, सकाळी साडेआठला डबा घेऊन जायचे, पाणी मारायचे, पोती मोजायचे. पोती बरोबर होती. पण बघणं आणि कळणं यात फरक आहे, आणि तो मला भावाच्या स्लॅबच्या दिवशी कळला.

सकाळी सातला नारळ फोडला, पेढे वाटले, मिक्सर सुरू झाला. इंजिनिअर आदल्या संध्याकाळीच सळई तपासून गेला होता, तरी सकाळी परत आला. पहिल्यांदा तो मिक्सरपाशी गेला. तिथला पोरगा पाइपने पाणी सोडत होता, अंदाजाने, कारण माल पातळ असला की घमेल्यातून लवकर ओततो आणि पसरायलाही सोपा. एम 20 या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या वजनाच्या 0.55 पटीपेक्षा जास्त पाणी चालत नाही, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. इंजिनिअरने पाइप बंद करायला लावला आणि मापाची बादली दिली. मी तिथे सकाळपासून उभा होतो आणि मला तो माल छान, मऊ वाटत होता.

मग गॅलरी. पुढे चार फूट बाहेर आलेली गॅलरी, तिला खालून आधार नाही, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, आणि ती वर राहावी म्हणून खाली खुर्च्या ठेवतात, म्हणजे वाकवलेल्या सळईचे स्टँड. आदल्या संध्याकाळी सगळं बरोबर बांधलेलं. पण घमेली घेऊन जाणारे मजूर त्याच सळयांवरून ये-जा करत होते आणि दहा वाजेपर्यंत गॅलरीची जाळी पार खाली बसली होती. वरून बघताना जाळी जागेवरच दिसते, खाली गेलीय हे माझ्यासारख्याच्या लक्षातही येत नाही. अशा गॅलऱ्या टेकू काढताना खाली येतात. इंजिनिअरने काम थांबवलं, जाळी उचलून खुर्च्या परत लावल्या, वरून फळ्या टाकल्या आणि फळ्यांवरूनच चालायचं म्हणून सांगितलं. वीस मिनिटांचं काम. तिथं आज माझी पुतणी सायकल चालवते.

आठव्या दिवशी सेंट्रिंगवाला टेकू मागायला आला, प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. हॉलचा गाळा सोळा फुटी, म्हणजे साडेचार मीटरच्या वर, त्याला टेकू 14 दिवस ठेवायचे असतात. मालक म्हणून भावाने दोन शिव्या खाऊन "ठीक आहे, ने" म्हटलं असतं. इंजिनिअरच्या नावावर नाही म्हणता आलं. आणि पाणी मारणं, हल्ली बहुतेक घरांना पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात, त्याला कमीत कमी 10 दिवस ओलावा लागतो, गवंडी मात्र सातव्या दिवशी पाइप गुंडाळायला निघाला होता.

म्हणून मालकाने उभं राहू नये असं नाही, राहावंच, वडिलांसारखं राहावं, पण कशाकडे बघायचं ते सांगणारा सोबत पाहिजे.

पैशांचं. भावाचं घर 1400 स्क्वेअर फूट, सगळं धरून सव्वीस-सत्तावीस लाख गेले. इंजिनिअरच्या नऊ व्हिजिट, प्रत्येकी 2500, म्हणजे 22,500. काँक्रीटची ताकद बघायच्या क्यूब टेस्टचे वेगळे, तेही थोडेच, त्याच काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरून 7 आणि 28 दिवसांनी लॅबला दाबून बघतात, बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत करून मिळतं. ट्रॉल्या दोन वर्षांनी बसवल्या तरी चालतात, आमच्या वहिनीने तसंच केलं. वडिलांच्या घरी त्या एका बाथरूमचा स्लॅब, परत वॉटरप्रूफिंग आणि फरशी यात 2018 ला साठ हजारांवर गेले, आणि आई दीड महिना खाली शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची.

मेसेजमधलं एक खरं आहे, ते लपवत नाही. गाडीतून न उतरता सही करणारे इंजिनिअर आहेत. म्हणून ठेकेदाराने किंवा सिमेंटच्या दुकानदाराने सुचवलेला घेऊ नका, आधीच्या दोन मालकांशी बोला, आणि प्रत्येक व्हिजिटला साइटच्या वहीत काय बघितलं, काय बदलायला सांगितलं ते तारखेसह लिहून घ्या.

ती वही शेवटच्या मुद्द्याला लागते. ताब्यात घेताना बघा म्हणे. काय बघणार? फुटिंग मातीखाली, सळई काँक्रीटमध्ये, पायपा भिंतीत, वॉटरप्रूफिंग फरशीखाली, वर पुट्टी आणि रंग. दिसतो तो रंग. आणि ठेकेदार दुरुस्त करून देतो हे रेरा या बिल्डरांसाठीच्या कायद्यातल्या 5 वर्षांच्या दोषदायित्वावरून, म्हणजे दोष निघाला तर दुरुस्त करून द्यायच्या जबाबदारीवरून, डोक्यात बसलंय, पण ते बिल्डरने विकलेल्या प्रोजेक्टला आहे, आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदार लावून बांधलेल्या घराला नाही. तिथे ग्राहक आयोगात जाता येतं, पण कारण घडल्यापासून 2 वर्षांत, आणि पुरावा घेऊन. ती वही, फोटो आणि क्यूबचे रिपोर्ट हाच पुरावा. भावाच्या बाथरूमला तर भांडायची वेळच आली नाही, फरशी बसवायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खालच्या छतावर एका कोपऱ्यात ओल उतरली, पाइपाच्या तोंडाशी नीट भरलं नव्हतं, ते फोडून परत केलं आणि परत दोन दिवस पाणी भरलं.

मावसभावाला मी त्याच इंजिनिअरचा नंबर पाठवलाय. फुटिंगची जाळी बांधून झाली की मिक्सर बोलवायच्या आधी त्याला फोन कर म्हटलंय, आणि त्या दिवशी मीही येतोय.